दहा हजार टाके

छत्तीस वर्षं बँकेत लोकांच्या पैशांचा ताळा जुळवला, तर घरातल्या चार चिंध्या जुळवायला काय लागतं, अशा भ्रमात मी निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात गोधडी शिवायला घेतली.

मुळात अडलं ते कापडावर. गोधडीत कापूस नसतो. कापूस भरला की ती दुलई. गोधडी म्हणजे खाली लुगडं, वर लुगडं, मधे घरात जे जे विरलंय ते आणि सगळ्यांतून धावदोरा. सगळं सुती हवं. नायलॉनच्या साड्यांचे थर एकमेकांवरून असे घसरतात की सुई एकीकडे आणि कापड दुसरीकडे. आमच्या कपाटात सुती म्हणावं असं आईचं एक नऊवारी लुगडं तेवढं सापडलं. बाकीचं गेलं कुठे, म्हणून बायकोला विचारलं, तर तिने स्वयंपाकघरातल्या फळीकडे बोट दाखवलं. तुरीच्या डाळीचा डबा म्हणजे आईची दोन लुगडी आणि माझी एक पँट. पोह्यांची परात म्हणजे वडिलांची धोतरं. बोहारणीने वीस वर्षांत आमची अख्खी गोधडी स्टीलमध्ये बदलून दिली होती.

तरी मी कागदावर आखणी केली. ६ फूट बाय ४ फूट, वरच्या बाजूला फूटभराचे २४ चौकोन. चौकोन कापायला घेतले आणि एक गोष्ट कळली. जुना कपडा ट्रंकेच्या तळाशी असेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही, पण कात्री लावली रे लावली की मालक हजर होतो. मुलीने फोनवरून तिचा शाळेचा फ्रॉक वाचवला. बायकोने खणाचं एक पोलकं माझ्या हातातून ओढून घेतलं. "अहो, ते मला होईल आता," असं ती म्हणाली, तेव्हा मी विषय वाढवला नाही. मी मात्र माझे सगळे शर्ट निमूट दिले. २४ पैकी १५ चौकोन माझेच. एकावर खिसा तसाच राहिला होता, तो मी मुद्दाम ठेवला. चष्मा ठेवायला बरा.

दिवाणखान्यात सतरंजी पसरून मी बसलो, तर बायको दारात उभी. "गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे," ती म्हणाली. "पण ते निदान गाव तरी झाडायचे हो!"

फलटणकडच्या माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात किती वाकळा शिवल्या, याचा हिशेब तिच्याकडेही नाही. तिला व्हिडिओ कॉल लावला. फोन कानाला लावूनच ती बोलली, त्यामुळे सगळं मार्गदर्शन मला तिच्या कानाकडे बघत घ्यावं लागलं.

"कडंनं सुरू कर आन् आत आत ये. आदी कच्चं टाकं घाल, समदं ताणून."

कडेचं ऐकलं. कच्च्या टाक्यांचं नाही. बँकेत मी कच्चं काम कधी चालवून घेतलं नव्हतं.

दोरा ओवण्यात पहिली सकाळ गेली. सुईचं नेढं दिसायला चष्मा लागतो, आणि चष्म्यातून दोन नेढी दिसतात. मी नेहमी चुकीचं निवडायचो. अंगुस्तान आणलं होतं, पण ते ज्या बोटात घालावं ते सोडून सुई बाकीच्या नऊ बोटांना शोधत यायची. संध्याकाळी गुडघे धरले ते धरलेच. भिंतीला टेकत उठलो, तर बायकोने कॅलेंडरकडे पाहिलं. काय पाहिलं ते विचारायचा धीर झाला नाही.

शिवाय मला मोजायची खोड. दोन ओळींत इंचभर अंतर धरलं, तर ६ बाय ४ च्या गोधडीत सरळ २८८ फूट शिवण होते. इंचाला ३ टाके, म्हणजे एकूण १०,३६८. आत्याला हा आकडा सांगितला तर म्हणाली, "मोजत बसलास व्हय? म्हणून व्हईना."

दीड महिन्याने मी चारही कडांकडून फिरत फिरत मधे पोचलो. आणि तिथे उंचवटा. आधी वाटलं खाली वाटीबिटी राहिली. पण नाही. कडेपासून मी प्रत्येक फेरीत थोडं थोडं कापड पुढे ढकलत आलो होतो, आणि ते सगळं बिचारं मधोमध येऊन थांबलं होतं. जायला जागाच नाही. चांगलं नारळाएवढं टेंगूळ, त्यावर माझा खिसा.

आत्याला दाखवायला फोन त्यावर धरला. या वेळी तिने फोन डोळ्यांसमोर धरला होता, ही माझी साडेसाती.

"ही वाकळ हाय का पोटुशी म्हैस?" ती म्हणाली. मग बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मग, "उसव."

"सगळी?"

"आरं, कच्चं टाकं घाल म्हनलं हुतं का न्हाय?"

परवापासून उसवतोय. गंमत म्हणजे याला मात्र हात चांगला बसलाय. आज सकाळपर्यंत ४१२ टाके उसवले. बाकी ९,९५६.