कलरमधल्या यूची राखण

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर इमारतीच्या रंगकामाचं सर्क्युलर लागलं असेल, तर कोटेशनचा आकडा बघू नका. आकडे काय, वाढतातच. आधी बघा, कलरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये यू आहे का. नसेल, तर लिफ्टची वाट बघणाऱ्या चार माणसांदेखत मोठा निःश्वास सोडा आणि "काय दिवस आलेत" एवढंच म्हणा. काय झालं ते त्यांनी विचारलं पाहिजे.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत मागच्या सर्वसाधारण सभेत या यूनं चाळीस मिनिटं खाल्ली. गच्चीतून गळतंय म्हणून सातव्या मजल्यावरच्या काकू ओल्या भिंतीचे फोटो घेऊन आल्या होत्या. त्यांचा मोबाइल हातोहात फिरत मागच्या रांगेत गेला आणि तिथेच राहिला. इकडे आमचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, उभं राहून पाढा म्हणावा तसे म्हणत होते, "सी ओ एल ओ यू आर, कलर! छड्या खाऊन शिकलोय आम्ही." समोर बी विंगमधला मुलगा मान खाली घालून बसलेला. त्याचा गुन्हा काय, तर सर्क्युलर त्यानं टाइप केलं होतं. तो महापेला वेबसाइट बनवतो. दिवसभर कोडमध्ये सी ओ एल ओ आर लिहितो, कारण तिथे यू घातला तर रंगच चढत नाही. "काका, सवयीनं झालं," तो म्हणाला. काकांनी "सवयीनं?" असं विचारलं, ते जणू पोरगं सवयीनं दुसऱ्याच्या घरात शिरलं होतं.

तुम्हाला काका व्हायचंय, तो मुलगा नव्हे. तेव्हा आधी शत्रूची ओळख करून घ्या. त्याचं नाव नोआ वेबस्टर. हा अमेरिकन शाळामास्तर. 1806 मध्ये छोटा कोश आणि 1828 मध्ये मोठा कोश काढून यानं कलर, ऑनर, फेव्हर यांतले यू उडवले, सेंटरच्या शेवटचा आर-ई फिरवून ई-आर केला. त्याचं नाव घेताना सख्ख्या चुलतभावानं बांध कोरल्यासारखा सूर लागला पाहिजे. तुमची आणि इंग्लंडची जमीन एकत्र कधी होती, असं कोणी विचारलं तर पाणी प्या.

काही गोष्टी मात्र बाहेर काढू नका. लंडनमध्ये 1755 साली निघालेल्या सॅम्युअल जॉन्सनच्या कोशात एरर आणि हॉररमध्येही यू होता, म्युझिकच्या शेपटाला के होता. ते पुढे खुद्द इंग्रजांनीच गिळले आणि ढेकरही दिला नाही. ऑर्गनाइझमधला झेड अमेरिकन म्हणून आपण खोडतो, पण ऑक्सफर्डचा कोश तोच झेड पहिला देतो. ऑस्ट्रेलियावाले लेबर लिहिताना यू लिहितात आणि त्यांचा लेबर पक्ष स्वतःच्या नावात लिहीत नाही. या गोष्टी कळल्या की माणूस नरम पडतो. तुम्हाला नरम पडून चालणार नाही.

ऐरोलीत अमेरिकन क्लायंटचं काम करत असाल, तर थोडी कसरत आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा यू म्हणजे चूक. पगार तसाच मिळतो. ठाण्याची लोकल पकडली की रबाळे-घणसोलीकडे पाठ करून हळूहळू ब्रिटिश व्हायला लागायचं. ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत चेपले जाईपर्यंत कलरमध्ये यू आणि चेकमध्ये क्यू परत आलेला असावा. क्यूबाबत आमचे सेक्रेटरी विशेष हळवे आहेत. तो नसेल तर चेक वटतच नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं.

ज्यांच्यासाठी आपण हा यू राखतो, त्यांनी आपल्या गावाचं काय केलं हा विषय टाळावा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती त्यांच्या कागदावर "टॅना"ला. टी-ए-एन-एन-ए, आणि लहर लागली तर शेवटी एच. पुढे "थाना" झालं. आता कुठे आपल्या उच्चाराच्या जवळपास आलंय, तर परदेशातून फोन करणारा "थेन" म्हणतो आणि आपण गोड आवाजात "येस सर, थेन" म्हणतो. ठ गेला, ण गेला, अख्खं गाव गेलं. चालतं. यू जाता कामा नये.

मराठीच्या बाबतीत मन मोठं ठेवा. त्याच बोर्डावर त्याच आठवड्यात "उद्या पाणि पुरवठा बंद राहिल" अशी नोटीस होती. एका ओळीत दोन वेलांट्या उलट्या. कोणी निःश्वास सोडला नाही. उद्या बादल्या भरायच्यात हे सगळ्यांना कळलं, बास. अपवाद एकच: वॉचमन "पानी आलं नाय" म्हणाला की हसायचं. ते फुकट असतं आणि हसणारा आपोआप शुद्ध ठरतो. (मीही हसलोय. सातवीत सेंटर ई-आर लिहून अर्धा मार्क घालवलेला माणूस कोणावर तरी हसणारच.)

असो. शेवटी ठराव झाला: सर्क्युलर यूसकट पुन्हा काढावं. गळतीचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत. दुसऱ्या दिवशी नवीन कागद लागला, कलरमध्ये यू ठसठशीत, बोल्ड केलेला. खाली सेक्रेटरींची सही आणि जांभळ्या शाईचा शिक्का: ऑनररी सेक्रेटरी. त्या ऑनररीतही त्यांनी यू घातलाय. ऑनरमध्ये यू असतो, पण ऑनररीत तो इंग्लंडमध्येही नसतो, कधीच नसतो. तीन वर्षं हा शिक्का सोसायटीच्या प्रत्येक कागदावर उमटतोय.

बी विंगमधला मुलगा बोर्डापुढे उभा होता. त्याच्या ते लक्षात आलं हे मला दिसलं, आणि माझ्याही आलंय हे त्याला दिसलं. मी त्याला हळूच मान हलवून नाही म्हटलं. त्याचं पार्किंग अडकलंय, मला फ्लॅटच्या कर्जासाठी एनओसी हवी आहे, आणि दोन्हींवर तोच शिक्का लागतो.