मिझ्पा हॉटेलच्या टबात सिनेटर पिटमन कधीच नव्हते

काल जेवताना बाबांनी मोबाइलवरचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात टोनोपा नावाचं जुनं खाणगाव आहे, तिथल्या मिझ्पा हॉटेलबद्दल. १९४० साली नेवाडाचे सिनेटर पिटमन म्हणे निवडणुकीआधीच तिथे वारले, पक्षाने मृतदेह टबात बर्फ घालून लपवला आणि लोकांनी मेलेल्या माणसाला निवडून दिलं. सोबत जुन्या टबाचा फोटो. माझी भाची पुढच्या महिन्यात त्याच हॉटेलात उतरणार आहे. तिला आता तो टब बघायचाय, म्हणून हे लिहायला बसले.

मतदान झालं ५ नोव्हेंबर १९४० ला. पिटमन गेले १० नोव्हेंबरला, म्हणजे निवडून आले तेव्हा जिवंत होते. आणि गेले ते नेवाडातल्याच रीनो शहरातल्या रुग्णालयात. हृदयविकाराचा झटकाही रीनोतच आला होता. रीनो ते टोनोपा साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे! नेवाडाच्या सरकारी दप्तरखान्याचे माजी प्रमुख रोचा यांनी ही कथा नोंदींच्या आधारे केव्हाच खोडून काढलीय. फॉरवर्ड करण्याआधी तेवढं तरी वाचायचं.

एक मात्र मान्य करावं लागतं, लपवाछपवी झाली होती. पिटमन जगणार नाहीत, हे डॉक्टरांनी पक्षाच्या माणसांना मतदानाआधीच सांगितलं होतं. लोकांना कळवलं काय, तर थकव्यामुळे दाखल केलंय. मतदारांची खरी फसवणूक ही होती, आणि बर्फाच्या गोष्टीत नेमकी तीच झाकली जाते.

मेसेजमधले बाकीचे मुद्दे. जुन्या पश्चिम अमेरिकेतला प्रसिद्ध बंदूकबाज वायट अर्प याने मिझ्पात बार चालवला म्हणे. हॉटेल उघडलं १९०८ मध्ये. अर्पचा टोनोपातला बार १९०२ चा, नाव नॉर्दर्न, आणि हॉटेल व्हायच्या कितीतरी आधी तो गाव सोडून गेला होता. नंतर प्रसिद्ध झालेला मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी हॉटेलचा पहिला बाउन्सर? तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. १९१५ मध्ये तो टोनोपात जॉनी सुडनबर्ग या मुष्टियोद्ध्याशी लढला, एवढं खरं. अब्जाधीश उद्योगपती हॉवर्ड ह्यूजने १९५७ मध्ये टोनोपात लग्न केलं हेही खरं, पण मिझ्पात नाही, एल अँड एल मोटेलमध्ये.

भाचीला सांगितलंय, टब शोधू नकोस, हॉटेलमागच्या टेकडीवर जा. ज्या चांदीच्या खाणीवरून हॉटेलला नाव मिळालं, ती मिझ्पा खाण तिथे जपून ठेवलीय.

बाबांनी मेसेज अकरा जणांना पाठवला होता. त्या अकराही जणांना आज हे जाणार आहे.