डॅम्पिंग शीट म्हणजे साउंडप्रूफिंग नव्हे

सध्या एक मेसेज फिरतोय की जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये फ्लोअरपासून छपरापर्यंत सगळीकडे डॅम्पिंग शीट चिकटवली की आवाज आणि गरमी दोन्ही बंद. अहो, असं नसतं ते. डॅम्पिंग शीट म्हणजे ब्युटिल रबराची चिकट शीट, तिचं काम एकच, पत्र्याची थरथर मारणं, आणि त्यासाठी पत्र्याचा २५-३० टक्के भाग झाकला तरी बहुतेक फायदा मिळून जातो, बाकी नुसतं वजन आणि पैसा. दाराच्या पत्र्यावर बोटाने टकटक करून बघा, डब्यासारखा टणटण आवाज आला तर मधोमध एक तुकडा लावा आणि परत वाजवा, ठप्प असा येईल, बास, झालं तिथलं काम.

इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज मात्र फटींतून येतो. वायरिंग आत येतं तिथला रबर ग्रोमेट (भोकातली रबरी रिंग), पेडलजवळची भोकं, कडक पडलेली दाराची रबरं, आधी हे बघा. मग फ्लोअरवर क्लोज्ड सेल फोम (बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा) आणि त्यावर जड व्हिनाइल.

शीटवरची चकचकीत फॉइल गरमी परतवते हे खरं, पण तिच्यासमोर हवेची फट असेल तरच, कार्पेटखाली दाबून टाकली तर ती चमक काही कामाची नाही. आणि गळतीवर लावायचं डांबरी शीट स्वस्त पडतं म्हणून छताला आतून लावू नका, उन्हात वास मारतं आणि सुटून खाली लोंबतं. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका, फ्लोअरचा गंजही आधी काढा, नाहीतर शीटखाली तो निवांत पत्रा खात बसतो.