‘5 टक्क्यांखालचा माल बंद करा’ म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत यावं

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. सारांश असा: मालाची विक्री भागिले एकूण विक्री, गुणिले 100, हा त्या मालाचा वाटा. वाटा 5 टक्क्यांच्या आत असेल तर माल बंद करा, कारण 80 टक्के धंदा 20 टक्के मालातूनच येतो. वाटा घसरला म्हणजे माल पडला. दोन दुकानं असतील तर दोन्हीकडच्या टक्क्यांची सरासरी काढा.

सूत्र बरोबर आहे. त्यापुढचं जवळजवळ सगळं चूक.

5 टक्क्यांचा नियम आधी घेऊ, कारण खरं नुकसान तोच करतो. एखाद्या दुकानात 25 प्रकारचा माल सारखाच खपत असेल, तर प्रत्येकाचा वाटा 4 टक्के. नियम पाळायचा म्हटला तर शटरच ओढायला पाहिजे! ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी वेगवेगळी लिहिली तर त्यातली एखादी 5 च्या खाली जाईल. ‘मिरची’ अशी एकच ओळ केली की तीच यादीत सगळ्यात वर. माल तोच, खपही तोच.

आता उन्हाळ्यातली लक्ष्मीपुरीची मसाल्याची बाजारपेठ बघा. घरोघरी वर्षाची चटणी करायची असते. गिऱ्हाईक यादी घेऊन येतं: मिरची, धने, तीळ, खोबरं किलोवर आणि खाली दगडफूल, नागकेशर, बाद्यान थोडं थोडं. दगडफुलाचा वाटा गल्ल्यात शोधूनही सापडायचा नाही. पण ‘ते नाही ठेवत आम्ही’ म्हटलं, की यादी शेजारच्या दुकानात जाते, मिरचीसकट. चटणी कांडायला डंकावर जायच्या आधी माणसाला सगळं एका जागी हवं असतं. म्हणून दगडफुलाची विक्री बघण्यापेक्षा ज्या बिलांत दगडफूल आहे त्या बिलांची एकूण रक्कम बघा. बिलं कॉम्प्युटरवर असतील तर हा आकडा काढणं अवघड नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं तो कधी काढला असेल असं वाटत नाही.

शिवाय गल्ल्यातला वाटा आणि नफ्यातला वाटा या दोन वेगळ्या गोष्टी. तेलाच्या डब्यांनी गल्ला फुगतो, सुटतं थोडं. हुपरीच्या चांदीत तर हे उघडच दिसतं: भाव चढला की एकही जादा जोड न विकता पैंजणांचा उलाढालीतला वाटा वाढतो. दोन्ही वाटे शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय कुठल्याही मालावर फुली मारू नये.

80-20 बद्दल फार लिहीत नाही. इटलीचा अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो संपत्तीच्या वाटणीचा अभ्यास करत होता. त्याचं नाव पुढे जोसेफ ज्युराननं कारखान्यातल्या गुणवत्तेच्या कामाला लावलं. हे निरीक्षण आहे, कायदा नव्हे. आणि त्यातले 80 टक्के विक्रीचे, 20 टक्के मालाच्या संख्येचे. दोन्हींची बेरीज 100 होते हा योगायोग.

‘वाटा घसरला म्हणजे माल पडला’ हे तर साध्या हिशेबानं मोडतं. समजा, मार्चमध्ये एकूण विक्री 10 लाख, त्यात धने 2 लाख: वाटा 20 टक्के. एप्रिलमध्ये मिरचीनं जोर धरला, एकूण 16 लाख, धने 2 लाख 40 हजार: वाटा 15 टक्के. धन्यांची विक्री 20 टक्क्यांनी वाढली आणि मेसेज म्हणतो, धोका!

सरासरीचंही तसंच. समजा, राजारामपुरीच्या दुकानात 10 लाखांपैकी 3 लाख मसाल्याचे, म्हणजे 30 टक्के. महाद्वार रोडच्या दुकानात 40 लाखांपैकी 4 लाख, म्हणजे 10 टक्के. सरासरी 20 येते. खरा वाटा 50 लाखांत 7 लाख, म्हणजे 14 टक्के. आधी रुपये मिळवायचे, मग भागायचं.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे विक्रीच्या नोंदींची आपोआप बेरीज मांडणाऱ्या तक्त्यात, फिल्टर लावून काही माल लपवला, की ‘एकूण’ उरलेल्या मालाचंच धरलं जातं आणि सगळे टक्के गुपचूप वाढतात. आणि नफ्याचे वाटे काढताना एक दुकान तोट्यात असेल तर आणखी गंमत: 6 लाख, 5 लाख आणि उणे 1 लाख, एकूण 10. वाटे 60, 50 आणि उणे 10 टक्के. बेरीज बिनचूक 100, पण नफ्यातल्या दोघांचीच मिळून 110. अशा वेळी टक्के बाजूला ठेवावेत आणि रुपयेच लिहावेत.