चोवीस बाइटांचा ‘जोपर्यंत’

मराठी शब्दांत आज्ञा देता येतील अशी एक चिमुकली प्रोग्रॅमिंग भाषा मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तयार केली. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोपर्यंत’, ‘छापा’ असे मोजून ११ शब्द, त्यांचे व्याकरण आणि ते वाचणारा पार्सर हे सगळे पाच दिवसांत आणि दीड डबा चकल्यांत उरकले. त्यामुळे माझा असा समज झाला की आता हे फ्रंटएंड (भाषा वाचून समजून घेणारा दर्शनी भाग) माझ्या लॅपटॉपवरच्या जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, प्रतीला जोडणे म्हणजे फार तर एका शनिवार-रविवारचे काम आहे. आज आषाढ लागला आहे आणि तो रविवार अजून उजाडायचा आहे.

जीसीसी १९८७ मध्ये अवतरला तेव्हा त्याला फक्त सी येत होती. पुढे भाषा वाढत गेल्या आणि १९९९ मध्ये आद्याक्षरांना धक्का न लावता ‘ग्नू सी कंपायलर’चे ‘ग्नू कंपायलर कलेक्शन’ झाले. त्यातली सोय अशी की प्रत्येक भाषेने आपले म्हणणे ‘जेनेरिक’ नावाच्या समाईक झाडांच्या, म्हणजे फांद्याफांद्यांच्या आराखड्यांच्या, रूपात मांडायचे. तिथून पुढे ‘जिम्पल’, मग ‘आरटीएल’ ही मधली रूपे आणि शेवटी प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा, हा सारा प्रवास आयता मिळतो. या आयतेपणासाठीच डी ही भाषा २०१९ मध्ये नवव्या आवृत्तीत आली, मॉड्यूला-२ तेराव्या आवृत्तीत आली आणि २०२५ मध्ये पंधराव्या आवृत्तीत चक्क कोबोल आली. (जावाला मात्र २०१७ मध्ये सातव्या आवृत्तीतून निरोप मिळाला, ते मी त्या वेळी मनावर घेतले नाही.) कोबोलला जागा होते, तर निदान माझ्या घरच्या प्रतीत माझ्या ११ शब्दांना का होऊ नये?

जागा मिळाली, आणि तीही संशय यावा इतक्या सहज. बांधणीची (मूळ मजकुरातून कंपायलर तयार करण्याची) तयारी करणारी स्क्रिप्ट जीसीसीच्या पोटातल्या प्रत्येक फोल्डरमध्ये डोकावते आणि जिथे ‘कॉन्फिग-लँग-डॉट-इन’ नावाची फाइल दिसेल तिथे एक भाषा राहते असे धरून चालते. मी फोल्डर केले, फाइल ठेवली, तासाभरात बांधणी पूर्ण झाली, आणि ‘छापा १’ असा एका ओळीचा प्रोग्रॅम मी मोठ्या विश्वासाने दिला. उत्तर आले की कंपायलरमध्ये अंतर्गत बिघाड झाला आहे, कृपया सविस्तर तक्रार नोंदवावी. रात्रीचा एक वाजला होता. तक्रार करणारा आणि तिचे निवारण करणारा असे दोघेही एकाच बनियनमध्ये बसलेले होते.

आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या टिपा उशाशी घेऊन मी महिनाभरात छापण्यापर्यंत पोहोचलो. पाच ओळींचे, पन्नास ओळींचे प्रोग्रॅम चालू लागले. मग मी गमतीने सहा हजार ओळींचा प्रोग्रॅम यंत्राकडूनच लिहवून घेतला, तेव्हा ‘छापा’ हा शब्द मधूनच कंपायलरच्या स्मरणातून नाहीसा होऊ लागला. एक ओळ कमी केली की तो परत येई, दोन वाढवल्या की पुन्हा गायब होई.

याचे कारण कळायला तीन आठवडे लागले, आणि ते कळल्यावर मला आईची दिवाळीची आवराआवर आठवली. कंपायलरच्या स्मृतीत अडगळ फार झाली की तिथला झाडूवाला कामाला लागतो आणि ज्या वस्तूवर ‘जीटीवाय’ अशी खूण नाही ती बेधडक टाकून देतो. लहान प्रोग्रॅमात अडगळच होत नाही, म्हणून तो तिथे फिरकतही नाही. मी ‘छापा’वर खूण केली होती, हे मी शपथेवर सांगतो; परंतु खुणा वाचणाऱ्याने कोणकोणत्या खोल्यांत जायचे याची एक यादी त्याच ‘कॉन्फिग-लँग-डॉट-इन’मध्ये असते आणि तीत माझी फाइल नव्हती. यादीत नसलेली खूण कोणी वाचत नाही आणि त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढत नाही. अशा वेळी अडगळ किती साचू द्यायची याच्या दोन मर्यादा शून्यावर आणून ठेवल्या की झाडूवाला संधी मिळेल तेव्हा झाडत सुटतो. मी ते केले आणि तीन ओळींचा प्रोग्रॅमही तत्काळ कोसळला. कोणाच्याही कोसळण्याने मला इतका आनंद झालेला नाही.

त्यानंतर बूटस्ट्रॅप. कंपायलरने स्वतःला तीनदा बांधायचे आणि दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचा माल तंतोतंत जुळतो का ते पाहायचे, असा हा विधी आहे. रोजच्या कामात मी तो टाळत असे, त्यामुळे पडद्यावरून सरकणाऱ्या इशाऱ्यांकडे माझे लक्ष नसे. परंतु जीसीसीच्या विकासशाखेत, म्हणजे काम चालू असलेल्या आवृत्तीत, दुसऱ्या फेरीपासून साध्या इशाऱ्यालाही चूक मानतात. दोन तास लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा फिरला आणि मग सारे थांबले, कारण ‘बघू_नंतर’ नावाचे एक चल (व्हेरिएबल) मी निर्माण करून कुठेच वापरले नव्हते.

सर्वांत जास्त छळले ते चुकीखाली उमटणाऱ्या बाणाने. ‘जोपर्यंत क < १०’ या ओळीत ‘क’ची ओळख करून द्यायला विसरलो, तर बाण ‘क’खाली यायला हवा; तो ‘र्यं’च्या आसपास कुठेतरी उभा राही. वाचणाऱ्याला ‘जोपर्यंत’मध्ये ४ अक्षरे दिसतात, युनिकोड ही संगणकातली अक्षरांची प्रमाण यादी त्यात ८ खुणा मोजते आणि साठवताना त्याचे २४ बाइट होतात. माझा पार्सर खुणा मोजून ‘क’ दहाव्या जागी असल्याचे सांगत होता, तर ओळींचा हिशोब ठेवणाऱ्या जीसीसीच्या वहीला बाइट हवे होते आणि तिच्या लेखी ‘क’ सव्विसावा होता. दहाव्या बाइटपाशी नेमका ‘र’ सुरू होतो.

हे दुरुस्त झाल्यावर पहिला पाहुणा वापरकर्ता म्हणून मी आईला बसवले. ती निवृत्त मराठी शिक्षिका आहे. तिने एकोणतीसचा पाढा छापणारा प्रोग्रॅम एका बोटाने, पण ठामपणे लिहिला आणि कंपायलरने तो तिथल्या तिथे नाकारला. तिने जुन्या वळणाने ‘जोपर्यन्त’ लिहिले होते. बाण मात्र ‘ज’च्या बरोबर खाली उभा होता, एक केसभरही इकडे-तिकडे नाही, आणि मी आनंदाने ओरडलो.

“बाण बरोबर आहे रे,” आई चष्मा पुसत म्हणाली, “पण चूक माझी नाही. आमच्या वेळेला असंच लिहीत होते.”

मी आज्ञाशब्दांच्या तक्त्यात २७ बाइटांचा बारावा शब्द वाढवला आणि बूटस्ट्रॅप लावला. पंखा सुरू झाल्यावर आईने स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर बंद आहे ना, ते पाहिले.