‘वाचकाच्या हाती काय लागलं?’

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा वाचली आणि तिरीमिरीत लगेच उत्तर लिहायला बसले. ते खोडलं. आज जरा शांतपणे लिहितेय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आम्ही पाच मैत्रिणी रविवारी फोनवर एकत्र बोलतो आणि महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. विषय ठरलेले. घरात काय चाललंय, कोणाचं काय दुखतंय, कुत्र्यामांजरांचे प्रताप आणि ओव्हनमधले अपघात. त्या गप्पांवर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: “केक बसला, मांजर ओकलं, सासूबाईंचा गुडघा दुखला. यात वाचकाच्या हाती काय लागलं? त्यात औषधांबद्दल ऐकीव गोष्टी सांगणं धोक्याचं. आणि घरच्यांबद्दल चारचौघांत लिहिताना त्यांना विचारलं होतं का? मांजर आमच्याकडेही आहे, पण मी त्यावर लेख पाडत नाही.”

औषधांचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

एकीने रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि आम्ही ते हातोहात फिरवलं, हा प्रसंग मी गंमत म्हणून लिहिला होता. आकडे सगळ्यांचेच चढे आले. एकजण म्हणाली, “उद्यापासून गोळी दीड घेते.” मी ते वाक्य हशा पिकवायला वापरलं आणि पुढच्या परिच्छेदावर गेले. ही चूक झाली. पुढे काय झालं ते लिहायला हवं होतं. तिने गोळी वाढवली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मोजताना काय करत होतात?” करत काय होतो? बोलत होतो! पाचजणी एकाच वेळी, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधून, पायावर पाय टाकून. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पट्टा उघड्या दंडावर आणि हात हृदयाच्या पातळीला. मोजताना बोललं तरी आकडा वर जातो. म्हणजे रक्तदाब मोजायला आमच्या बैठकीइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. हा भाग आता मूळ लेखात घातला आहे. “जिला जे लागू पडतं ते ती सांगते” हे माझं वाक्यही काढून टाकलं. एकीला लागू पडलेली गोळी दुसरीला लागू पडेलच असं नाही, हे कळायला तुमची प्रतिक्रिया यावी लागली, याची थोडी लाज वाटते.

घरच्यांना विचारलं होतं का? नव्हतं. तुमची प्रतिक्रिया वाचून विचारलं. सासूबाईंना लेख वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, “डावा नाही, उजवा गुडघा. लिहायचंच तर नीट लिही.” तो उजवा केला आहे. एका मैत्रिणीच्या नवऱ्याच्या घोरण्याचा परिच्छेद मात्र गेला. “त्याला विचारूच नकोस, सरळ काढ,” असं ती म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की हे तिने फक्त आमच्यासाठी सांगितलं होतं. आमच्यात एकीने गुडघा सांगितला की दुसरी आपली पाठ सांगते, हिशेब तिथल्या तिथे फिटतो. लेखात तो फिटत नाही. वाचणाऱ्याला सगळं कळतं, त्याचं स्वतःचं काहीच उघडं पडत नाही. हे मला लिहिताना सुचायला हवं होतं.

आता ‘हाती काय लागलं’. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

एक किस्सा मी मूळ लेखात मुद्दाम घेतला नव्हता. आमच्यातली ओव्हनवाली (तिला दुसरं नाव शोभतच नाही) एका रविवारी ब्रेडसाठी मनुके वजन करत होती. कोपर लागून वाडगा खाली पडला, आणि ती झाडू आणेपर्यंत तिच्या कुत्र्याने फरशी चाटूनपुसून लख्ख केली. हे ती आम्हाला फोनवर साभिनय सांगत होती. पकडला गेल्यावर त्याने कान कसे पाडले, मिशीला चिकटलेला शेवटचा मनुका जिभेने कसा काढला, सगळं. आम्ही हसून बेजार. फक्त एकीचं हसू मध्येच थांबलं. तिच्याकडे दोन कुत्रे आहेत.

“कधी झालं हे?”

“आत्ताच गं, अर्धा तास झाला असेल.”

“किती होते?”

“मूठभर तरी असतील. का?”

“फोन ठेव आणि त्याला डॉक्टरकडे ने. आत्ता.”

द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. एखाद्याला बरेच पचतात, एखाद्याला थोडेसेही भोवतात. त्यामुळे थांबून वाट बघण्यात अर्थ नसतो. डॉक्टरांनी त्याला उलटी करवली, सलाइन लावलं, पुढे दोन-तीन दिवस रक्त तपासलं. सुटला. आता मनुक्यांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर असतो आणि तो फळीकडे तोंड करून झोपतो.

हा किस्सा वगळला, कारण तो सांगितला की गप्पा एकदम उपयोगाच्या दिसू लागतात, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्या नसतात. पण तुम्ही विचारलंच आहे, तर बघा. ओव्हनवालीने सल्ला मागितला नव्हता. ती मागूच शकली नसती. मनुक्यांत काही वावगं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं, मग शोधणार काय आणि विचारणार कोणाला? माहिती शोधायची तर आधी प्रश्न पडावा लागतो. किस्सा सांगायला प्रश्न पडावा लागत नाही, कुत्र्याचं तोंड मजेशीर दिसलं एवढं पुरतं.

दुसरी अशीच. आपण किती शिस्तीच्या आहोत हे सांगताना म्हणाली, “मी सकाळच्या सगळ्या गोळ्या एका घोटात घेते, थायरॉईडची, कॅल्शियमची, सगळ्या. विसरायला नको.” ती फुशारकी होती, तक्रार नव्हे. तिसरीने सहज विचारलं, “मला तर त्या दोन्हींत चार तास ठेवायला सांगितलंय, तुला नाही सांगितलं?” कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी अंगात नीट शोषली जात नाही, हे तिला तिच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत समजावलं आणि वेळा बदलून दिल्या. ऐकीव गोष्टीवर तिने गोळी बदलली नाही, प्रश्न घेऊन गेली. ऐकीव गोष्टींचा एवढा उपयोग तुम्हीही मान्य कराल असं वाटतं.

ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली असल्या बोलण्यावर लिहिलं होतं. हवापाणी, खुशाली, इकडचं तिकडचं. त्याच्या मते अशा बोलण्यात शब्दांच्या अर्थाला फारसं महत्त्व नसतं, माणसं फक्त एकमेकांशी जोडलेली राहतात. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यापुरतं मला ते पटतं. मैत्रिणींच्या बाबतीत नाही. आमच्याकडे तपशील साठतो. कोणाचं मांजर केस गिळून ओकतं आणि कोणाचं घाईने खाऊन, हे पाचहीजणींना पाठ आहे. म्हणून मांजरवाली जेव्हा म्हणाली, “आज पिवळं पाणी ओकलं आणि खाल्लंही नाही,” तेव्हा कोणी हसलं नाही. तेच वाक्य तुम्ही लेखात वाचलंत आणि तुम्हाला ते ‘मांजर ओकलं’ एवढंच दिसलं. दोष तुमचा नाही. आधीची चार वर्षं तुम्ही ऐकलेली नाहीत, आणि ती दोन पानांत आणणं मला जमलं नाही.

केकचं राहिलं. तो बसला कारण बेकिंग पावडर जास्त पडली होती. बुडबुडे फुगून एकमेकांत मिसळतात, फुटतात, आणि आतला भाग शिजून घट्ट व्हायच्या आत वर आलेला केक मधोमध खचतो. एका ओळीत संपलं असतं, मान्य. मी त्याला दीड पान दिलं, कारण त्या खड्ड्यात क्रीम भरून तिने तो “मुद्दाम असाच केलाय” म्हणून आम्हाला वाढला आणि आम्ही चौघींनीही तिला तसं म्हणू दिलं. ते दीड पान मी कापणार नाही.

आणि हो, तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. मांजरावर लेख लिहू नका, पण इथे खाली दोन ओळी लिहा. त्याचं नाव काय, कसं आहे, कुठे झोपतं? घरात फुलदाणीत लिली ठेवत असाल तर आधी ती बाहेर काढा. मांजराने तिचा पराग अंगावरून चाटला तरी मूत्रपिंडं जाऊ शकतात. तुम्ही विचारलं नव्हतं, माहीत आहे. आणि ओकतं का हो तुमचं?