पन्नास रुपये वाचवल्याची रील

सकाळी चहाचा कप हातात घेऊन फोन उघडला आणि भाच्याची रील समोर आली. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मागे ढिंगच्याक गाणं आणि पिवळ्याजर्द अक्षरांत "गोव्यात फसू नका! भाव असा पाडायचा!" खाली एका बाईचा चेहरा, अगदी नाकाजवळ कॅमेरा नेऊन काढलेला. ती ओशाळं हसतेय. या बाईसमोर मी परवा अर्धा तास उकिडवी बसले होते.

चहा गार झाला. आता लिहूनच टाकते.

आम्ही सहाजण गेलो होतो. बाकीच्यांना किनारा हवा होता, मला म्हापसा. मे महिन्यात तिथे पुरुमेंताची खरेदी चालते. पावसाळ्यासाठी घर भरून ठेवायचं, त्याला पुरुमेंत म्हणतात; शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून सुके बांगडे, सुकं सुंगट (कोळंबी), मीठ, मिरच्या, चिंच, सोलं (आमसुलं) असं सगळं आधीच घरात यायला हवं. आपल्याकडे पापड-कुरडयांची गडबड असते ना, तशीच. म्हणजे तिथे आलेल्या बायका पावसाळ्याची बेगमी करायला आल्या होत्या आणि आम्ही त्यांच्या पायात पायात कडमडत फोटो काढत होतो.

मीसुद्धा काढले, खोटं कशाला बोलू? मोयऱ्याची हातभर केळी, माडाच्या काळ्या गुळाच्या ढेपा, चवरीसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, लालभडक माळा. (आमच्या शाकाहारी जाऊबाईंना त्या माळा देवासाठी आणाव्याशा वाटल्या. त्या काय आहेत हे कुणीतरी वेळेत सांगितलं.) म्हापसा हे नाव मापावरून पडलं असं तिथले लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण शोभतं खरं.

तर ती बाई. एका कडेला गोणपाट पसरून सोलं घेऊन बसली होती. मी चव घेतली, मिठाचं विचारलं, मग ती बोलत सुटली. निम्मं कळलं, निम्मं हातवाऱ्यांवरून. भिरंडं (कोकमाची फळं) पिकली की फोडायची, बिया काढायच्या, सालं उन्हात टाकायची, त्यांच्याच रसात पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असं कितीदा तरी. मध्येच वळवाची सर आली की संपलं. बोलता बोलता तिची नजर माझ्या चपलेकडे गेली. "पांय कितले फुटल्यात गो!" असं म्हणून तिने पिशवीतून पांढरट गोळा काढला. कोकमाच्या बियांचं तेल, थिजलेलं. कागदात गुंडाळून माझ्या हातात कोंबलं. "रातीं लाय." मी पर्स उघडली तर तिने हात झटकला.

आणि बरोबर तेव्हा आमचे भाचे कॅमेरा सुरू करून आले. पाव किलोचे दीडशे? शंभर कर. अगं मावशी, मार्केटमध्ये ऐंशीला मिळतं. (कुठल्या मार्केटमध्ये रे? तू जन्मात कधी सोलं विकत घेतलीस?) चला चला मामी, पुढे मिळेल. दोन पावलं गेल्याचं नाटक. हे सगळं त्या रीलमध्ये आहे, स्लो मोशनमध्ये. शेवटी ती म्हणाली, "जाता, व्हर." म्हणजे, बरं, ने.

आदल्या संध्याकाळी याच मुलाने साडेतीनशेची कॉफी घेतली होती. तिथे काउंटरवरच्या पोराला म्हणाला का, दोनशे कर, नाहीतर पुढे जातो? तिथे क्यूआर कोड स्कॅन करून मुकाट्याने पैसे भरले, वर टिपसुद्धा. छापील भाव दिसला की आपली मान खाली जाते आणि गोणपाटावर बसलेली बाई दिसली की आपल्यातला व्यापारी जागा होतो. माझ्या मित्रयादीतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, पण आपल्याच घरात अशी मुलं निघाली आहेत, त्याचं काय करायचं?

हो, पर्यटकांना चढे भाव सांगतात, मान्य. काजूत मीही एकदा चांगली बुडाले आहे, आणि तेसुद्धा एसी दुकानात. घासाघीस माझी आईही करायची. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं हुज्जत घालायची, पण ती दर आठवड्याला त्याच बाईकडे जायची, तिच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आली होती. त्या भांडणाला पुढचा आठवडा होता. आपण गाडीत बसून निघून जाणार आणि ती बाई आपल्या फोनमध्ये ओशाळं हसत राहणार. तिला विचारलं होतं का कुणी?

एवढं लिहून थोडी शांत झाले. आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

त्या रीलमध्ये मीही आहे. कोपऱ्यात, निळी साडी. हातात कागदात गुंडाळलेला तो गोळा आहे. मी काहीही बोलत नाहीये. शंभराची नोट काढून देतेय. वाचलेले पन्नास त्याच्या नाही, माझ्या पर्समध्ये राहिले. "असू दे रे, दीडशे देते" एवढे पाच शब्द मला सुचले नाहीत. बरोबर सासरची माणसं होती, त्याचा विरस कशाला करा, असं काहीतरी डोक्यात होतं. काय ते आता नीट आठवतही नाही.

भाच्याला मेसेज केलाय, ती रील काढ. त्याने अंगठा पाठवलाय. रील अजून आहे तिथेच. खाली आमच्याच नात्यातल्या दोघींनी हसून डोळ्यात पाणी आल्याचे चेहरे टाकलेत.

दुपारी सोलकढीसाठी सोलं काढली. भिजत घालण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवी ठेवली. पाव किलो म्हणून दिलेली सोलं दोनशे ऐंशी ग्रॅम भरली. पैसे घेतल्यावर तिने वरून मूठभर टाकली होती, ते आत्ता आठवलं.

आणि मुळात वजन करून बघायची बुद्धी मला का झाली, ते कुणी विचारू नका.